पट्ट्यावरचा हात

निशिमोरी सर : पट्ट्याला हात लावला होता मी. दोनदा.

किताओका : दिसलं नाही सर. डोळ्यांवर ऊन होतं.

निशिमोरी सर : ऊन तुझ्या पाठीवर आहे, किताओका.

किताओका : ...दिसलं होतं.

निशिमोरी सर : बंट कर अशी खूण केली, तर तू अंगातलं सगळं बळ काढून बॅट फिरवलीस. चेंडू गेला बाहेर, तीनपैकी एक स्ट्राइक फुकट गेला. त्यांच्या त्या मधल्या मैदानातल्या पोराच्या पायात गोळा आला म्हणून खेळ थांबलाय, नाहीतर तुझ्याशी बोलायलाही मिळालं नसतं. ये, सावलीत ये. पाणी पी.

किताओका : सर, एक विचारू? संघात सगळ्यात लांब कोण मारतो?

निशिमोरी सर : तू.

किताओका : मग मीच का बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यात पाडायचा, आणि बाद होऊन गपचूप परत यायचं? हे नवव्या नंबरवाल्याचं काम आहे. शेवटचा डाव आहे, आपण एका धावेने मागे. हरलो तर आम्हा तिसऱ्या वर्षाच्यांचं बेसबॉल आजच संपलं. आणि तुम्ही माझ्या हातातली बॅट काढून घेताय.

निशिमोरी सर : बॅट तुझ्याच हातात आहे. मैदानात बघ. पहिल्या बेसवर आपला एक, दुसऱ्यावर एक. तू बाद झालास तरी ते दोघं एकेक बेस पुढे सरकतील. मग एक साधा फटका, दोघंही घरी, जिंकलो. त्यांचा तिसऱ्या बेसवरचा तर तुला घाबरून पार मागे जाऊन उभा राहिलाय. तू बंट करशील असं त्याच्या स्वप्नातही नाही.

किताओका : तो साधा फटका मारणार कोण?

निशिमोरी सर : माझ्याकडे काय बघतोस? तुझ्यानंतर कोण आहे ते तुलाही माहीत आहे.

किताओका : तोकुहिरो आज तीनदा बाद झालाय सर. तीनदा. माझे बाबा बोटीवरून उतरून आलेत. तीन उन्हाळ्यांत पहिल्यांदा.

निशिमोरी सर : बोटीवर काय काम करतात ते?

किताओका : जिवंत आमिष फेकतात, कात्सुओ मासा बोटीकडे यावा म्हणून. गळ बाकीच्यांच्या हातात... सर, हे मासेमारीचं नको.

निशिमोरी सर : बरं, राहिलं. आला बघ तोकुहिरो. कसा आहे रे त्यांचा तो गोळा आलेला पोरगा?

तोकुहिरो : पायावर गार फवारा मारला सर, आता उभा राहतोय. खेळणार म्हणतो. मला म्हणाला, तुमच्या त्या धिप्पाड पोराला माझ्याकडे नको मारायला सांग, मला पळवणार नाही. काय झालं? तोंडं का अशी?

निशिमोरी सर : ह्याला मारायचंय.

तोकुहिरो : आणि मी तीनदा बाद झालोय, म्हणून. सांग की तोंडावर. मी काय रडणार आहे?

किताओका : तसं नाही रे.

तोकुहिरो : तसंच आहे. अरे, दोन वर्षं मी तुझ्या पाठोपाठ बॅटिंगला येतोय. तू होमरन मारतोस, सगळ्यांना घरी आणतोस, आणि मी उभा राहतो तेव्हा बेसवर काळं कुत्रं नसतं. लोक डबे उघडून बसलेले असतात. माझ्या आईनेसुद्धा माझा एक फटका बघितला नाही, तुझ्यासाठी टाळ्या वाजवून तहान लागते म्हणून चहा घ्यायला जाते ती. एकदा तरी माझ्यासाठी काहीतरी ठेव लेका.

निशिमोरी सर : पंच बोलावतायत. जा. पट्ट्याला हात लावतो मी, बघ नीट.

(खेळ पुन्हा सुरू. किताओकाने बंट केला, चेंडू मागच्या जाळीत उडाला. त्याने पंचांकडे वेळ मागितला आणि पुढच्या फलंदाजाच्या जागेकडे चालत गेला.)

तोकुहिरो : लवकर बोल, पंच घड्याळ बघतोय. सरांचा हात बघितलास? आता टोपीवर आहे. बंट रद्द, मार म्हणतायत.

किताओका : बघितला. मी बंटच करणार.

तोकुहिरो : डोकं फिरलंय का तुझं? दोन स्ट्राइक झालेत. आता बंट फाऊल गेला की तू थेट बाद, आणि ते दोघं आहेत तिथेच. सगळा आटापिटा पाण्यात.

किताओका : माहितीये. मगाशी मनात नव्हतं, म्हणून चेंडू उडाला.

तोकुहिरो : आणि आता?

किताओका : आता आहे. आणि तो तिसऱ्या बेसवरचा बघ, दोन स्ट्राइक झाल्यावर परत मागे सरकलाय.

तोकुहिरो : अरे, मी मगाशी जे बोललो ते थोडं रागात बोललो. तुला मारायचं असेल तर मार. तुझे बाबा...

किताओका : गप ए. हात पूस, घामाने बॅट निसटेल. मी दोघांना पुढे आणून ठेवतो, घरी तू आण.

(किताओकाने पुन्हा बंट केला आणि सावलीत परत आला.)

निशिमोरी सर : बाद झालास.

किताओका : हो सर. पण दोघंही पुढे गेले.

निशिमोरी सर : टोपीला हात लावला होता मी.

किताओका : दिसला सर. ऊन पाठीवर आहे.

निशिमोरी सर : हं. वरती बघितलंस का? तुझे बाबा उभे राहून टाळ्या वाजवतायत.

किताओका : कशासाठी? होमरन थोडाच मारलाय मी.

निशिमोरी सर : त्यांनाच विचार घरी. तोकुहिरो आज तीनदा बाद झालाय, लक्षात आहे ना?

किताओका : आहे सर. आता मारेल. जरा बाजूला सरका, मला तो दिसत नाहीये.