मांजराचा वाटा

हिरा : माका येक सांग आरोही, ह्यां मांजर कशान फुगलां?

आरोही : मला काय माहीत, आई? बाजूला हो ना. माझ्या अंगणातल्या फेऱ्या मोडतायत.

हिरा : मोडांदे. ह्या कोरोनान आख्खो गाव सुकलो. खलाशी परत येवक नाय, होड्यो किनाऱ्यार, घरात म्हावरां आठवड्यातसून येकदा. आणि ह्या मांजराक दारातसून आत शिरूक जमणा नाय!

आरोही : दोनशे अकरा... दोनशे बारा...

हिरा : उभी रव. काल तुझ्या ताटातलो बांगडो, परवाची पेज, सगळां पडवीमागे त्येच्या नारळाच्या करटीत. मी बघलंय.

आरोही : मला भूक नसते.

हिरा : खोटां बोला नको. भूक नसलेलां माणूस चुलीभोवती घुटमळणा नाय. आणि तीन मयने झाले, तू भायर बसूक नाय. ता काय माका कळणा नाय?

आरोही : तू मोजतेस?

हिरा : तू खळ्यातल्यो फेऱ्यो मोजतंस, मी तुझे दिस मोजतंय. आवस आसंय मी तुझी.

आरोही : आठवतं तुला? कणकवलीच्या हॉस्टेलवरून आले, तेव्हा चौदा दिवस आपल्या गावच्या शाळेत ठेवलं होतं मला. तू शाळेच्या दगडी गडग्यावर डबा ठेवायचीस आणि लांबूनच हात हलवून जायचीस.

हिरा : जवळ येवक देय नाय हुते, गो. घराक येयसर रडू येय.

आरोही : मी दिवसभर एकटी. मोबाइल उघडला की कोण गेलं, किती गेले. म्हणून सातवीच्या वर्गात फेऱ्या मारायला लागले. चाललं की डोकं गप्प बसायचं. बरं वाटायचं, खरंच. मग सुटून घरी आले, आणि तू सगळ्या वाडीसमोर म्हणालीस, 'बसान खावन चेडू भोपळ्यासारख्यां झालां.'

हिरा : मी?

आरोही : तू.

हिरा : अगो, ती मस्करी हुती! तू धडधाकट परत इलंस, त्या आनंदात तोंडाक येयत ता बोललंय.

आरोही : माहीत आहे. पण ते जात नाही डोक्यातून. परीक्षा गेली, कॉलेज गेलं, पुढे काय ते कुणालाच माहीत नाही. हे एवढंच माझ्या हातात राहिलंय. पाचशे फेऱ्या झाल्याशिवाय जेवायचं नाही. आणि झाल्या, तरी ताट समोर आलं की भीती वाटते, आई. जेवणाची भीती!

हिरा : जळो माझी जीभ. तेवाच कित्याक बोलूक नाय तू?

बाळा : हिरावयनी! ओ वयनी! आमची रापण दर्यात घातली हा, जाळ्याची दोरी वडूक माणसां कमी पडतत! तोंडाक फडकां बांधा नि येवा बेगीन!

हिरा : इलंय, भावजी! चल गो तूय. ह्या खळ्याभायर वायच माणसांत चल.

(दीड तासानं, किनाऱ्यावर.)

बाळा : वयनी खंय गेली? तिचो वाटो टोपलेत घातलंय. आणि आरोही, ह्यो तुझो.

आरोही : आई घरी गेलीय, येईल आता. पण मला नको, काका. मी दहा मिनिटं ओढलं आणि चक्कर आली. तेव्हापासून वाळूत बसूनच आहे.

बाळा : दोरयेक हात लावलंस मां?

आरोही : लावला, पण...

बाळा : मगे झालां तर! कोणी किती वडल्यान, ता माझ्या बापाशीन कधी मोजूक नाय, नि मीव मोजूचंय नाय. तो शंकर आजो बघ. वडता खंय? दोरयेक टेकान उभो रवता नि आमकाच गाळी घालता. त्येका काय रिकामो धाडू?

आरोही : पण न कमावता कसं घ्यायचं?

बाळा : रापण आसा गो ही, शाळा न्हय. धर.

हिरा : इलंय, इलंय. बस थंयच सावळेक. पेज हाडलंय. आणि आयक, सोमवारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीकडे जावया. फेऱ्यांचां, भियाचां, सगळां सांग तिका. माझी ती जीभपण सांग.

आरोही : येईन. पण फेऱ्या लगेच नाही सुटायच्या, आई.

हिरा : ता तिका इचारूया. चलणां वायट न्हय गो, उपाशी चलणां वायट. आज निसती पेज. ह्यां बघ, मांजर इलां वास काढीत.

आरोही : त्याला वाट्यातल्या माशांची डोकी घाल.

हिरा : घालतंय. ह्यो डबो ठेवतंय हंय. तू खा सावकाश, मी तवसर म्हावरां साफ करतंय.

आरोही : आये...

हिरा : काय गो?

आरोही : डबो ठेवन जाव नको. माझां खावन होईसर हंयच बस.