लांब शेपटी

दवाखान्यात माझ्या समोर एक बाई आणि तिचा भाऊ बसले होते. ती संग्रहालयात डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांच्या जीवाश्मांवर संशोधन करते आणि तो दगड कोरून त्यांची हाडं मोकळी करतो, हे त्यांच्या भांडणावरूनच कळलं. कटरनं त्याचा अंगठा कापला होता.

"अंगठा गेला खड्ड्यात! शेपटी का कापलीस?"

"ताई, हळू बोल."

"का हळू बोलू? ज्युरासिक काळातला जीव तो! डोकं नंतरच्या जातींसारखं मोठं, शेपटी आधीच्या जातींसारखी लांब. मधला दुवा आयता हातात आला होता, आणि तू त्याचा भुगा केलास!"

"मला वाटलं, जीवाश्म विकणाऱ्यानं दुसऱ्याची शेपटी चिकटवलीय."

"गोंद दिसला?"

"नाही."

"दगडाला सांधा होता?"

"नाही. अखंड होता."

"मग कुठल्या दीडशहाण्यानं सांगितलं कापायला?"

"मागच्या खेपेला चिकटवलेली शेपटी माझ्याकडून तशीच राहिली, तेव्हा सगळ्यांसमोर मला कुणी झापलं? मोठ्या डोक्याला लांब शेपटी असूच शकत नाही, दिसली की उडवायची, हे कोण म्हणालं?"

"अरे, हळू बोल."

"आता बोल ना मोठ्यानं."