पुण्यवान मरणाचं घराणं

आजार? नाही सिस्टर, तो शब्द या घरात नको. बसा — पंखा वाढवू? — हॉस्पिटलातून एवढ्या लांब आलात, तुमचं ऐकून घेणं माझं कर्तव्यच आहे. पण आधी माझं ऐका. माझे वडील प्रार्थनेला हात जोडून बसले, ते तसेच गेले. काका पोहता पोहता गेले. आत्या — दारावरची घंटा वाजली, दचकून उठली, संपली! अंथरुणाला कुणी खिळलं नाही, कुणी कुणाकडून सेवा करून घेतली नाही. लोक हेव्याने म्हणतात, असं मरण यायला पुण्याई लागते. आणि तुम्ही म्हणता, पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून आलेला हृदयाच्या ठोक्यांचा दोष! पुण्याईचा कार्डिओग्राम निघतो का हो?

नातीचं म्हणता? शाळेत धावताना चक्कर आली, एवढंच. शुद्धीवर आली ना? मग! तिच्या तपासणीत तोच दोष दिसला म्हणे — दिसू द्या. तिच्या बापाला, माझ्या धाकट्याला, देवाने जिना चढता चढता बोलावून घेतलं. वय? वयाचं देव बघतो, आपण कोण? सूनबाई रडते, रडणारच. पण तिला मी बजावलंय — या घरात निर्णय मी घेतो, आणि एवढ्याशा पोरीच्या छातीत, ठोके चुकले की झटके देणारं यंत्र बसवणं म्हणजे देव हाक मारतोय आणि आपण आतून कडी लावून घेतोय.

शिवाय त्रास किती! डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा — त्या कुशीवर झोपायची सोय नाही. पिशवीचा पट्टा नेमका तिथेच टोचतो. सुरुवातीला तर हात वर करायचा नाही — वरच्या फळीवरचा धर्मग्रंथसुद्धा दुसऱ्याला काढून द्यावा लागतो. आणि एकदा का ते आतून उसळलं, की घोड्याने छातीत लाथ मारावी तसं होतं! माणूस कोलमडतो — पण उठून बसतो, हे खरं. उठून बसतो... कुणी सांगितलं? ऐकीव आहे हो. लोक सांगतात.

असं माझ्या सदऱ्याकडे बघू नका.

बरं — हळू बोला. आहे. गेल्या वर्षी तीर्थयात्रेला गेलो होतो. तीर्थाच्याच गावी चांगलं हॉस्पिटल निघालं, त्याला मी काय करणार? त्यात देवाचाच काही संकेत असेल. आणि माझी गोष्ट वेगळी आहे, सिस्टर. मी घरचा कर्ता, प्रार्थनामंदिराचा विश्वस्त. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. मी काय स्वतःसाठी जगतोय? त्या पोरीवर कसली जबाबदारी आहे, सांगा बरं!

कोण ते दारात? सूनबाई? कधीची उभी आहेस? — सिस्टर निघाल्यात, त्यांना फाटकापर्यंत सोडून ये. — पोरीला चपला कशाला घालतेस? कुठे निघालात? सूनबाई, मी विचारतोय! सिस्टर, तुम्ही पोरीचा हात सोडा. मी परवानगी दिलेली नाही. या घरात आजवर माझा शब्द कुणी — अगं, थांब! सिस्टर, अहो, निदान तुम्ही तरी — बरं, जा. न्या तिला. पण बाहेर माझ्याबद्दल कुणाजवळ बोलू नका!