गरजेचे चाळीस गुण

...आणि वर मलाच विचारतात, 'तुमचा निकष काय?' अहो, निकष माझा असता तर मी हा असा दुपारी तीन वाजता चहावर जेवण भागवत बसलो असतो का? मी साधा वरिष्ठ लिपिक! निकष वरून येतात, आमच्याकडे येतो तो फॉर्म, आणि तुम्हाला सांगतो, माणूस ज्या गोष्टीसाठी एवढ्या लांबून हेलपाटा घालतो ना, नेमका त्या गोष्टीला फॉर्मात रकाना नसतो!

साल दोन हजार पाच. नवी योजना आली. आधी कसं होतं, ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता. आता म्हणे स्पर्धा! गावांनी अर्ज करायचे, छोटा रस्ता असेल, सायकलींची वाट असेल, पायी चालणाऱ्यांची असेल, मग समितीनं जाऊन बघायचं, शंभरपैकी गुण द्यायचे, पहिल्या पाचांना अनुदान, बाकीचे नापास. आमची ही म्हणाली, 'म्हणजे रस्त्यांची दहावीच की!' समिती कोण? साहेब, एक इंजिनिअर आणि फाइल धरायला मी.

अर्ज तरी कसले यावेत? एकानं लिहिलं, 'सायकलींची वाट मिळावी, सायकली नंतर घेऊ.' नाशकातल्या एका कॉलनीनं लिहिलं, 'नवीन फुटपाथ मिळावा, कारण जुन्या फुटपाथवर आमच्या गाड्या असतात.' आता ह्या प्रामाणिकपणाला किती गुण द्यायचे? फॉर्मात रकाना नाही!

त्यात एक अर्ज वहीच्या पानावर लिहिलेला. गाव पळसवाडी, सायखेड्याच्या पुढं, गोदाकाठी. सरपंच रंगूबाई. अक्षर मात्र तिच्या नातीचं, मंजुषाचं. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात चिखल सायकलीच्या चाकात असा बसतो, की पोरींनी सायकलवर बसायचं सोडून सायकलच पोरींच्या खांद्यावर बसते. बायकांच्या झेंडूच्या पाट्या रस्त्याला पोचेपर्यंत नाशिकच्या बाजाराचा टेम्पो निघून गेलेला. आणि खाली एकच ओळ, 'यंदा आम्ही अकरा मुली आठवीत आहोत, वाट झाली नाही तर घरी बसवतील.' दोनदा वाचला हो मी तो अर्ज. मनात म्हटलं, हे गाव पहिलं आलंच पाहिजे. आणि मीच, ह्या हातानं, पत्र पाठवलं, 'समिती गुरुवारी पाहणीस येत आहे.'

तिथंच घात झाला!

कारण पाहुणे येणार म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय? दोन दिवस अख्खं गाव वाटेवर! ट्रॅक्टरनं मुरूम आणला, खड्डे बुजवले, वर पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला, वेशीला झेंडूचं तोरण, बाजूनं रांगोळी... आमची जीप अशी गेली, अशी गेली, की साहेबांच्या हातातल्या चहाचा थेंब सांडला नाही! साहेब खाली उतरले, वाटेवर बुटाची टाच आपटून बघितली. 'वा! रस्ता तर उत्तम आहे! ह्यांना अनुदान कशाला?'

रंगूबाई पदर सावरत म्हणाली, 'सायेब, आज बरा दिसतोय, पन दोन पाऊस झाले का मुरूम चालला गोदावरीला.'

'बाई, आम्ही पाहणीच्या दिवशीची स्थिती नोंदवतो.'

मग पुरणपोळ्या झाल्या, शाल-नारळ झाला, आणि गरजेला गुण किती? चाळीसपैकी तीन! मी म्हटलं, साहेब, निदान लोकसहभागाचे दहा तरी? तर म्हणे, मंजुरीच्या आधी केलेलं श्रमदान धरता येत नाही. मी रंगूबाईला बाजूला घेऊन विचारलं, अहो बाई, कशाला बुजवलेत खड्डे? ती माझ्याकडं बघतच राहिली. 'आता काय सांगावं भाऊसाहेब! पाव्हन्यांना खड्ड्यातनं आनायचं व्हय?' बरोबर आहे हो तिचं! पण फॉर्मात रकाना आहे का?

त्याच दुपारी हायवेकडच्या एका गावाला गेलो. सरपंच धोंडीराम. सरपंच कुठाय? लग्नाला! पत्र कुठाय? फोडलेलंच नाही! रस्ता कुठाय? तो तर दिसतच नव्हता! जीपनं एक उडी मारली, साहेबांचं डोकं टपाला, चष्मा इंजिनिअरच्या मांडीवर, आणि डोकं चोळत साहेब ओरडले, 'चाळीस! चाळीसपैकी चाळीस!' गाव पहिलं आलं. आपण अर्ज केला होता हे धोंडीरामला निकालाच्या दिवशी आठवलं.

पुढच्या वर्षी रंगूबाई ऑफिसात आली. टेबलावर फुलांची पुडी ठेवली आणि म्हणाली, 'भाऊसाहेब, आमचं चुकलं काय?' मी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं, बाई, ह्या वेळी हात लावायचा नाही! पाटीभर मातीसुद्धा टाकायची नाही!

'बरं दिसंल का ते?'

'बरं दिसू नका हो! बरं दिसलात म्हणून तर नापास झालात!'

तिला पटलं नाही, पण माझ्या शब्दाखातर मानलं. आणि ह्या वेळी पाहणी निघाली कधी? भर जुलैत! मी खुशीत. वरून धो धो पाऊस, म्हटलं, आज चाळीस कुठं जात नाहीत. जीप डांबरीवरून वाटेला वळली, पन्नास पावलं गेली, आणि बसली! मागची चाकं निम्मी आत. साहेबांनी दार उघडलं, चिखल बघितला, स्वतःचे बूट बघितले, दार लावलं. 'लिहा. प्रकल्पस्थळी पोहोचता आले नाही. पाहणी झाली नाही, सबब अपात्र.'

'अहो साहेब, पोहोचता येत नाही हीच तर त्यांची गरज!'

तुम्हाला सांगतो, साहेब माणूस वाईट नाही. थकल्यासारखे हसले आणि म्हणाले, 'कळतं हो मला. पण फॉर्मात रकाना आहे का?'

पावसात फॉर्म उघडून बघितला. नव्हता!

मग चपला हातात घेतल्या आणि गेलो एकटाच चालत. जाऊन सांगायला तर हवं कुणीतरी! एकेक पाय उपसत, पाऊण तासानं वेशीत पोचलो. रंगूबाई चहाची किटली घेऊन उभी. ओट्यावर मंजुषा झेंडूच्या माळा ओवत बसलेली. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेला! म्हटलं, 'काय गं, शाळा?' ती मान वर न करता म्हणाली, 'सोडली. आम्ही सात जनींनी सोडली.' लाज वाटली हो मला. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वाटलं, ह्या पोरीनं मला दोन शिव्या द्याव्यात.

शिव्या नाहीत, काही नाही. रंगूबाईनं आधी पायांवर पाणी घातलं, चहा दिला, तो संपू दिला आणि मग शांतपणे विचारलं, 'भाऊसाहेब, पयल्या साली समदे खड्डे बुजवले तर नापास. औंदा एक नाय बुजवला तरी नापास. मंग पुढल्या साली ठेवू किती, तेवढं सांगा.'

आता ह्यावर एखादा शहाणा माणूस काय म्हणाला असता? उठून गेला असता! मी... मी विचार करायला लागलो हो! चांगला पाच मिनिटं विचार केला.

आणि म्हणालो, 'सतरा. जीप पोचेल आणि दयाही येईल, असे बेताचे सतरा ठेवा.'