पोळ्याच्या रंगाखालची तार

चोपड्याची, आजूबाजूच्या गावांहून आलेली माणसं, अक्का, भाऊ, बसा. मला शोकसभेत बोलायची सवय नाही. पण यादवनाना मिस्त्रींविषयी एक गोष्ट माझ्यापाशी आहे, ती नाही सांगितली तर मला झोप लागायची नाही.

आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला, तेव्हा मी बैलजोडी विकली. आबा, म्हणजे माझे वडील, महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग पोळा आला. गोठा रिकामा. आबा सकाळी उठले, रंगाचा डबा आणला आणि ट्रॅक्टर रंगवायला बसले. शिंगं रंगवावीत तसा. धुताना पाणी जाऊ नये म्हणून बॅटरी मी तारांसकट काढून ठेवली होती. आबांनी ती मोकळी जागाही सोडली नाही. मला वाटलं, राग गेला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवली, तारा आवळल्या, बटन दाबलं. नुसतं टक्. पुन्हा टक्. धुळ्याहून माणूस आला, तो म्हणाला बॅटरी गेली. नवी आणली. तरी टक्. इकडे दादर ज्वारी पेरायचं रान तसंच पडलेलं, ओल उडत चाललेली. बैल लावून ओढला असता तर सुरू झालाही असता. पण आबा म्हणाले, "बैल इकीसन ट्रॅक्टर लिधा, आते तो ओढाले दुसरासना बैल मांगू?" आणि आत जाऊन बसले. हा ट्रॅक्टर परत गेला असता, मंडळी. आणि मी पुन्हा कधी आबांसमोर मान वर केली नसती.

तेव्हा नाना आले, सायकलवर. हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "दिवा लाव. आते बटन दाब." ट्रॅक्टरचा पुढचा दिवा पार विझत आला. नानांनी डोळे मिटले आणि एकेका तारेच्या टोकाला तळवा लावत गेले. आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो ना, तसा. बॅटरीची एक तार ट्रॅक्टरच्या अंगाला आवळलेली असते, तिथं हात थांबला. टोक गरम होतं. मग पेटीतून पाना घेतला, बोल्ट काढला. खाली आबांचा लाल रंग, जाड, चकचकीत. त्या रंगानंच वीज अडवली होती, आणि त्यावर तार आवळणारा मी! नानांनी चाकूनं रुपयाएवढी जागा खरवडली, तार लावली. बटन दाबलं आणि यंत्र गरजलं. माझ्या अंगावर काटा आला. तो आजही येतो.

आबा धावत बाहेर आले. "काय व्हतं रे यादव?"

नाना म्हणाले, "काही नही आबा. बोल्ट ढिला व्हता. बठ्ठं बरोबर शे."

मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबासले सांगू नको. पुढला पोयाले त्या रंगले हात बी नही लावतीन."

पुढं दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी नाना यायचे. चहा प्यायचे, रंग लागू नये म्हणून त्या बोल्टवर फडकं गुंडाळायचे, जायचे. आबांना वाटे, यादवला आपल्या घरचा चहा आवडतो. खरं कारण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मागच्या साली आबा गेले. म्हणून आज हे बोलू शकतो. पोळा आला, तर आदल्या दिवशी सायकल दारात. मी म्हणालो, "नाना, आता कोणासाठी?" नानांनी फडकं बांधलं आणि रंगाचा डबा मागितला. आबा बसायचे तिथंच बसले आणि संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर रंगवला.

एवढी विद्या हातात, आणि एवढं मोठं मन. असा माणूस आपल्यात सायकलवर फिरत होता, आणि आपण त्याला नुसता मिस्त्री म्हणायचो.

नाना, यंदा फडकं मी बांधीन. रंगही मीच देईन.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. गप्प राहून माणसाचा मान कसा राखावा, हे नानांनीच तर दाखवलं.