गुहेबाहेरचा मशालवाला

मुरूम गावच्या जुन्या मित्राचं, बलभीमचं पत्र येऊन वर्ष झालं होतं. काय लिहावं, या संकोचात गुलाबरावांनी उत्तरच दिलं नव्हतं. भूमच्या बसस्थानकावर शेजारी दोन पोरं वर्षानुवर्षं चाललेल्या, फासे टाकून कागदावरची पात्रं गोष्टीत चालवायच्या खेळावरून भांडत होती.

"वृषाली, तुझा मशालवाला तुला सोडून चाललाय."

"का? खाऊपिऊ घालते की त्याला!"

"दिवाळीत गुहेबाहेर उभा केलास. नंतर एक शब्द तरी बोललीस?"

"संघपाल, कागदावरचा माणूस हाय तो!"

"खेळ मी चालवतो. तो रुसलाय."

"मग राक्षसापुढं अंधारात जाऊ व्हय मी?"

"जेवलास का, विचार त्याला."

"एवढ्यानं थांबंल?"

"थांबंल. लई साधा हाय."

गुलाबराव उठले, समोरच्या पोस्टातून कार्ड घेतलं. 'बलभीम, जेवलास का?' एवढंच लिहून त्यांनी ते पेटीत टाकलं.