माझ्या वजनाला मिळालेला मान

माझ्या पोटाला तुम्ही खुशाल हसा, पण ह्याच पोटाची एकदा कोराडीच्या कॉलनीत केवढी सरबराई झाली, ते ऐका.

शेजारच्या मधुकरनं घरच्या घरी स्पीकरचा खोका बनवला होता, साध्या प्लायचा. मी सहज म्हटलं, "चहापत्तीची पेटी दिसते गा!" झालं. पंधरा दिवस गडी माझ्याशी बोलला नाही.

मग एका रविवारी स्वतःच बोलवायला आला. चादर घातलेल्या एका उंच बैठकीवर मला बसवलं. पोहे झाले, चहा झाला. मी उठायला लागलो की हा खांदा धरून खाली दाबायचा. "बस ना बे, काहून घाई करून राहिला?" दुसरा चहा आला. मला तर भरूनच आलं.

म्हटलं, "मधू, मी तुले तसं बोलायले नको होतं."

"जाऊ दे गा. तू बोलला म्हणूनच तर त्याच्यावर सागवानी व्हिनियरचा पातळ पापुद्रा चिकटवून राहिलो."

"मग दाखव ना!"

तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, सरस वाळला असन आता. उठू द्या भाऊजींले."

मी ताडकन उठलो. चादर ओढली तर खाली फळी, आणि फळीखाली तोच खोका! मधूनं व्हिनियरवरून हात फिरवला. कुठं फुगा नाही की सुरकुती नाही.

"मस्त बसलं," तो म्हणाला. "उद्या जेवायलेच ये गा. अजून तीन बाजू बाकी आहेत."